दाट वस्ती चालेल, कोंदट घर नको

आरोग्याच्या पानावर घरांची, मजल्यांची आणि विकास आराखड्याची चर्चा कशाला, असे काही वाचक विचारतील. खोकला, साखर, रक्तदाब, बाळंतपण यांवर लिहा, अशी मागणी आमच्याकडे नेहमी येते आणि आम्ही त्यावर लिहितोही. पण शिरूर आणि दौंडच्या वस्त्यांत गोळ्या-औषधे घेऊनही जे आजार पुन्हा पुन्हा परततात, त्यांचे मूळ शोधायला गेले की वाट दवाखान्यातून घरात येते. घरात किती माणसे झोपतात, खिडकी आहे का, आंघोळीला आडोसा आहे का, हे विचारल्याशिवाय त्या आजारांचा उलगडा होत नाही.

दोन्ही गावे वाढत आहेत. २०११ च्या जनगणनेत दौंड शहराची लोकसंख्या सुमारे ४९ हजार आणि शिरूरची सुमारे ३७ हजार होती. शिरूरजवळ रांजणगावची एमआयडीसी, दौंडजवळ कुरकुंभची. दौंड हे रेल्वेचे जंक्शन, तर शिरूर पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचे गाव. कामासाठी माणसे येणार, आपलीही मुले मोठी होऊन संसार थाटणार, म्हणजे घरे लागणारच. ती बांधायची कुठे? शेते तोडून गावाबाहेर एकेका प्लॉटवर एकेक बंगला पसरवत जायचे, की गावाच्या आत, जिथे नळ, शाळा आणि दवाखाना आधीच आहेत तिथल्या विरळ भागांत तीन-चार मजल्यांची घरे होऊ द्यायची? हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक बाजू म्हणते, आमच्या शांत कॉलनीत बिल्डिंगी नकोत. दुसरी विचारते, मग माणसांनी राहायचे कुठे? या वादात वस्तीतल्या माणसाला सहसा कोणी विचारत नाही. म्हणून तो वाद आरोग्याच्या नजरेने मांडावा, असे आम्हाला वाटले.

एका खोलीचे गणित

दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. त्यात सहा माणसे राहत असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला २० चौरस फूट येतात. एका खाटेलाच १८ चौरस फूट लागतात. त्याच जागेत चूल किंवा गॅस, भांड्यांची मांडणी, कपड्यांची दोरी, मुलांची दप्तरे आणि कोपऱ्यात न्हाणी.

अशा खोलीत एकाला खोकला झाला की तो एकाचा राहत नाही. क्षयरोगाचे जंतू खोकल्यातून हवेत जातात आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. वारा वाहता असेल तर ते विरळ होतात, ऊन आत येत असेल तर मरतात. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी या रोगाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. तेव्हापासून औषधे निघाली, चाचण्या निघाल्या, पण कोंदट खोली आणि अर्धपोटी शरीर ही त्या जंतूची जुनी घरे अजून तशीच आहेत.

त्रास क्षयरोगापुरता थांबत नाही. रांजणगावला रात्रपाळी करून आलेला मुलगा दिवसा झोपणार कसा? त्याच खोलीत टीव्ही चालू, स्वयंपाक चालू, लहानगे रडत. झोप मोडत गेली की चिडचिड, पित्त, रक्तदाब मागे लागतात आणि मशीनवर हात जायची भीती राहते. घरातली सून उजाडायच्या आत आंघोळ उरकते, दिवसभर पाणी कमी पिते, लघवी दाबून ठेवते आणि जळजळीची तक्रार घेऊन दवाखान्यात येते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली म्हातारी माणसे भाजून निघतात. दहावीची मुलगी अभ्यासाला जागा नाही म्हणून विहारात जाऊन बसते, तिथे दिवे बंद झाले की तिचा अभ्यासही बंद.

मोकळी जागा कुणाच्या वाट्याला

इथे दोन शब्दांची गल्लत होते. एका एकरात किती घरे आहेत, ही झाली वस्तीची दाटी. एका खोलीत किती माणसे आहेत, ही झाली घरातली कोंडी. माणूस आजारी पडतो तो मुख्यतः कोंडीने. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घर आणि आरोग्य या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही घरातली गर्दी कमी करण्यावर भर आहे. एका खोलीत तीनहून अधिक माणसे राहत असतील तर ती जागा अपुरी, असे संयुक्त राष्ट्रांचे वस्तीविषयक माप सांगते. आपल्या किती घरांत हे माप बसेल, ते ज्याने त्याने मोजून पाहावे.

आता कागदावर हिशेब करू. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. चार गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे ४३५६ चौरस फूट. आजच्या विरळ कॉलनीत तेवढ्यावर एक बंगला आणि एक कुटुंब असते. एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, एक धरला तर प्लॉटच्या क्षेत्राएवढे बांधकाम करता येते. ते तळमजला आणि वर तीन मजले असे विभागले तर इमारत जमिनीवर फक्त एक गुंठा व्यापते. भिंती-जिना धरून ३६३ चौरस फुटांची १२ घरे होतात आणि तीन गुंठे मोकळे राहतात. तिथे झाड लावा, मुले खेळवा, गाड्या उभ्या करा. घरे बारा झाली तरी वारा आणि ऊन अडले नाही. उलट वस्तीत एकाच पातळीवर पत्र्याला पत्रा भिडवून बसलेल्या खोल्यांत मजले नाहीत, पण हवाही नाही.

मग ही ऐसपैस जागा एकाच्या आणि कोंडी दुसऱ्याच्या वाट्याला कशी आली? शिरूरचाच इतिहास पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे इंग्रजांची लष्करी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री आपले पूर्वज ज्या पलटणीत होते ती पलटण याच शिरूरहून कोरेगाव भीमाकडे निघाली. त्या काळी दूषित हवेने रोग होतात असे मानत, म्हणून छावण्यांत साहेबांचे बंगले लांब लांब, मोठ्या आवारांत असत आणि शिपायांना लाइनी. पुढे रेल्वे आली. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. रेल्वेच्या गावांत अधिकाऱ्यांना बंगले आणि कामगारांना दाटीची क्वार्टर्स, हीच रीत होती. गावात तर त्याआधीपासून गावठाण एकीकडे आणि आपला वाडा वेशीबाहेर. मोकळी हवा आरोग्याला हवी हे सगळ्यांना कळत होते, ती वाटून घ्यायची तयारी नव्हती.

चाळीतून राजगृहाकडे

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. कोंदट चाळींत माणसे पटापट गेली, तेव्हा सरकारला घरांची आठवण झाली आणि १८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने बांधलेल्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब १९१२ पासून सुमारे २२ वर्षे राहिले. त्या चाळीच्या खोलीत ग्रंथ होते, पाहुणे होते, कुटुंब होते आणि आजारपणही होते. बाबासाहेब आणि रमाईंची चार लेकरे बालपणीच गेली. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले, ते ग्रंथांना आणि माणसांना पुरेशी जागा मिळावी म्हणून. दादर-माटुंग्याचा तो आखीव, मोकळा भागही त्याच ट्रस्टच्या योजनेतला. एकाच संस्थेने चाळही बांधली आणि मोकळी कॉलनीही आखली. कुणाला कुठे जागा मिळते यावर आयुष्य कसे ठरते, हे यातून दिसते.

आज जातीवरून घर नाकारणे कायद्याला धरून नाही. तरी रिकामी खोली आडनाव सांगितल्यावर भरते, हा अनुभव आपल्या तरुणांना नवा नाही. अमेरिकेत असेच घडले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये वंशावरून वस्त्या वेगळ्या करणारा लुईव्हिल शहराचा नियम रद्द केला. त्यानंतर अनेक शहरांनी दुसरी वाट धरली. ठरावीक भागात फक्त एकेका कुटुंबाचे स्वतंत्र घर, इमारत नाही, असे नियम केले आणि १९२६ मध्ये न्यायालयाने अशा नियमांना मान्यता दिली. नियमात रंगाचा उल्लेख नव्हता, पण ज्याला मोठा प्लॉट परवडत नाही तो आपोआप बाहेर राहिला. अलीकडे तिथल्या मिनियापोलिस शहराने हा नियम बदलला. न्यूझीलंडच्या ऑकलंड शहराने २०१६ मध्ये बहुतेक निवासी भागांत जास्त घरे बांधायला परवानगी दिली आणि त्यानंतर तिथे नव्या घरांचे बांधकाम वाढले.

विरोध करणाऱ्यांचे काय खरे, काय खोटे

बंगल्यांच्या कॉलनीतले लोक म्हणतात, पाणी पुरणार नाही, गटारे तुंबतील, गाड्या मावणार नाहीत. हे म्हणणे झटकून टाकू नये. घोड नदी आणि भीमा जवळ असूनही उन्हाळ्यात नळाची वाट पाहावी लागते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. चार मजली इमारत उभी केली आणि खालची गटाराची नळी जुनीच ठेवली, तर घाण पाणी आधी तळमजल्याच्या घरात शिरेल आणि तळमजल्यावर बहुधा आपली म्हातारी माणसे असतील. म्हणून आधी नळ आणि गटार, मग मजले, ही मागणी आपलीही असली पाहिजे.

पण हेही पाहा, की गाव बाहेर पसरले तरी पाणी लागतेच. उलट नळ लांब न्यावा लागतो, रस्ता लांब न्यावा लागतो, त्याचा खर्च सगळ्यांच्या घरपट्टीतून जातो. दवाखाना लांब पडतो. शिरूरचे ग्रामीण रुग्णालय आणि दौंडचे उपजिल्हा रुग्णालय गावातच आहे, आणि रात्री कळा सुरू झालेल्या बाईला तिथवरचा एकेक किलोमीटर मोजावा लागतो. राहिला शेवटचा आक्षेप, 'कसली माणसे येतील सांगता येत नाही.' त्याचे उत्तर संविधानाने देऊन ठेवले आहे.

गोवंडीचा धडा

एवढे वाचून मजले म्हणजे मुक्ती, असे कोणी समजू नये. मुंबईत रस्ते आणि रेल्वेच्या कामांत उठवलेल्या झोपडपट्टीवासीयांना गोवंडीच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये पक्की घरे दिली. इमारती एकमेकींना इतक्या खेटून, की मध्ये जेमतेम तीन मीटरचा बोळ. खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेचा तिथला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. इमारतींमध्ये जास्त अंतर असलेल्या जवळच्या जुन्या कॉलनीपेक्षा या दोन ठिकाणी क्षयरोगाचे प्रमाण कित्येक पटींनी जास्त आढळले. घर पक्के होते, संडास आत होता, नळ होता. ऊन आणि वारा तेवढे नव्हते.

म्हणजे 'बिल्डिंग हवी की नको' हा अर्धाच प्रश्न झाला. दोन इमारतींत अंतर किती, खिडकी कुठे उघडते, जिना अंधारा आहे का, हे पुढचे अर्धे.

येरवड्याने दाखवलेली वाट

आपल्याच जिल्ह्यात एक चांगले उदाहरण आहे. पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांत केंद्राच्या बीएसयूपी योजनेतून लोकांना न हलवता जागच्या जागी घरे बांधली गेली. महिला मिलनच्या बायका, स्पार्क संस्था आणि वास्तुरचनाकार यांनी घरोघर मोजणी केली. कच्ची घरे तेवढीच पाडली, पक्की होती ती राहू दिली. प्रत्येक घर साधारण २७० चौरस फुटांचे. ज्यांची जागा फारच लहान होती त्यांना वर मजला मिळाला, काही शेजाऱ्यांनी जागा एकत्र करून सामाईक जिना घेतला. नकाशा बायकांसमोर मांडून ठरवला गेला, म्हणून ओटा कुठे आणि मोरी कुठे हे राहणाऱ्यांच्या सोयीने झाले. शेजार मोडला नाही, कामधंदा लांब गेला नाही. शिरूर-दौंडच्या वस्त्यांना झेपेल अशी ही वाट आहे.

आपल्या माणसांच्या शंका

वस्तीत विषय काढला की वडीलधारे म्हणतात, "जमिनीवरचं सोडून वर टांगून घ्यायचं का?" ही भीती उगाच नाही. वतनाच्या जमिनी कागदाच्या खेळात कशा गेल्या, हे त्यांनी पाहिले आहे. खाली असले की दारात शेळी बांधता येते, पानाची टपरी चालते, दुखऱ्या गुडघ्यांना जिना चढावा लागत नाही. वर गेले की दरमहा मेंटेनन्स, मोटारीचे बिल, लिफ्ट बंद पडली की भांडण. म्हणून कोणतीही सही करण्याआधी जागा कुणाच्या नावावर राहणार, हे लेखी हवे. आपल्या आकाराच्या गावांना तीन मजले वर, लिफ्टशिवाय चालतील अशी घरे बरी, आणि तळमजला म्हाताऱ्यांना, अपंगांना आधी.

सरकारी मदत आहे, तिच्या अटीही आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच्या रमाई आवास योजनेत २६९ चौरस फुटांचे घर धरले आहे आणि शहरी भागात अडीच लाख रुपयांचे अनुदान आहे. पण जागेचा कागद नसला की अर्ज अडतो. सरकारी जमिनीवर १ जानेवारी २०११ पूर्वीपासून राहणाऱ्यांची घरे नियमित करण्याचा निर्णय राज्याने घेतलेला आहे. मात्र रेल्वेच्या जमिनीला तो लागू होत नाही, कारण ती केंद्राची. दौंडकरांनी हा फरक नीट ध्यानात ठेवावा. जुन्या घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले, मतदार यादीतील नोंद हे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपा.

आणखी एक गोष्ट. राज्याच्या बांधकाम नियमावलीत १० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांत मोठ्या लेआउटमध्ये २० टक्के जागा दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याचे बंधन आहे. आपल्यासारख्या नगरपरिषदांना ते नाही. लहान गावांतही तसा वाटा असावा, अशी मागणी आपण का करू नये?

नगरपरिषदेत विचारायचे प्रश्न

विकास आराखड्याचे प्रारूप जाहीर झाले की हरकती आणि सूचना देण्यासाठी साधारण ३० दिवस मिळतात. बंगलेवाले वकील घेऊन हरकती देतात, आपली वस्ती मुदत संपल्यावर मोर्चा काढते. महिला मंडळाने आणि तरुणांनी एकत्र बसून मुदतीतच अर्ज द्यावा. त्यात इतके प्रश्न असावेत:

१. आमची वस्ती नकाशावर कोणत्या रंगात आणि कोणत्या आरक्षणात दाखवली आहे?

२. गावातल्या विरळ भागांत लहान घरांच्या इमारतींना परवानगी आहे का? नसेल तर का नाही?

३. दोन इमारतींमधले अंतर किती? सर्वांत खालच्या घरात दुपारी बारा वाजता दिवा न लावता पुस्तक वाचता येईल का?

४. प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का? खिडक्यांचे क्षेत्र खोलीच्या किमान सहाव्या भागाएवढे हवे, म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट.

५. पाण्याची टाकी आणि गटार किती घरांचा भार धरून बांधणार? टाकीला घट्ट झाकण असेल का? उघड्या टाकीत डेंग्यूचा डास वाढतो.

६. विहार, वाचनालय आणि अंगणवाडीची जागा कुठे?

तोवर आपल्या घरात

नवी घरे व्हायला वर्षे लागतील. तोवर आहे त्या खोलीत काही गोष्टी करता येतात. खिडकीपुढे कपाट किंवा पेट्या रचू नका. समोरासमोर दोन झरोके असले तर वारा वाहतो, एकच असला तर हवा कोंडते. पत्र्याखालच्या भिंतीत वरच्या बाजूला जाळीची विट बसवली तर गरम हवा बाहेर जाते. स्वयंपाक करताना दार उघडे ठेवा. पाळीवर जाणाऱ्याच्या झोपेची वेळ घराने ठरवून पाळावी, तेवढा वेळ टीव्ही बंद.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, थुंकीत रक्त, यांपैकी काही असेल तर सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी करून घ्या. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. उपचार सुरू असताना सकस आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून दरमहा १००० रुपये खात्यात मिळतात. एकाला क्षयरोग निघाला तर घरातल्या सर्वांची तपासणी करा. रुग्णाला खिडकीजवळ झोपवा आणि खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा. पण त्याचे ताट-वाटी वेगळी करू नका, भांड्यांतून हा रोग पसरत नाही. वेगळ्या भांड्याचे दुःख आपल्याइतके दुसरे कोण जाणेल?

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात एक वही ठेवा. प्रत्येक घराने त्यात तीन आकडे लिहावेत: माणसे किती, खोल्या किती, बाहेर उघडणाऱ्या खिडक्या किती. नावे लिहिण्याची गरज नाही. वस्तीची ती वही हातात घेऊन नगरपरिषदेत गेलात, तर समोरच्या साहेबाला उत्तर द्यावेच लागेल.